चीनमधील ख्रिस्ती धर्माची वाढ

चीनच्या जनगणनेत धर्माचा रकाना नसतो. त्यामुळे त्या देशात ख्रिस्ती धर्मीय किती आहेत, या साध्या प्रश्नाचे एकच एक उत्तर मिळत नाही. चीन सरकारने एप्रिल २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेनुसार तेथे ३ कोटी ८० लाख प्रोटेस्टंट आणि सुमारे ६० लाख कॅथलिक आहेत. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१० या वर्षासाठी केलेला अंदाज ६ कोटी ७० लाखांचा होता; परदेशांतील काही मिशनरी संघटना १० कोटींच्या घरातील आकडा सांगतात. यांपैकी सर्वांत लहान, म्हणजे सरकारी आकडा प्रमाण मानला तरी एक गोष्ट स्पष्ट होते. १९४९ साली साम्यवादी राजवट आली त्या वेळी, खुद्द पक्षाच्याच दस्तऐवजानुसार, देशात प्रोटेस्टंट होते अवघे ७ लाख आणि कॅथलिक २७ लाख. परदेशी प्रोटेस्टंट मिशनऱ्यांना जवळजवळ दीड शतकात जे साधले नाही, ते त्यांना देशाबाहेर जावे लागल्यानंतर घडून आले.

वाचकांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. चीनमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे एकाच धर्माचे दोन पंथ मानले जात नाहीत. पहिल्याला ‘त्येनचू-ज्याओ’, म्हणजे स्वर्गाधिपतीचा धर्म, आणि दुसऱ्याला ‘चीतू-ज्याओ’, म्हणजे ख्रिस्ताचा धर्म, असे म्हणतात. शासनाने मान्यता दिलेल्या पाच धर्मांमध्ये त्यांची गणना स्वतंत्रपणे होते आणि दोघांच्या वाढीचा इतिहासही वेगवेगळा आहे.

तीन आगमने

शीआन येथील शिलालेखांच्या संग्रहालयात इसवी सन ७८१ मध्ये कोरलेली एक भव्य शिळा आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती जमिनीखालून मिळाली. पर्शियातील पूर्व-सिरियन चर्चचा अलोपेन नावाचा धर्मगुरू ६३५ साली टांग सम्राटाच्या राजधानीत आला आणि तीन वर्षांनी सम्राट थायत्सुंग याने त्याच्या धर्माला अनुमती दिली, असे तीवरील चिनी मजकूर सांगतो. केरळातील सिरियन ख्रिस्ती समाजाचे प्राचीन नाते याच पूर्व-सिरियन परंपरेशी होते. ८४५ साली सम्राट वूत्सुंग याने बौद्ध मठांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा हा छोटा परकीय धर्मही तिच्यात भरडला गेला आणि चीनच्या मुख्य भूमीतून हळूहळू दिसेनासा झाला.

मंगोल काळात तो दुसऱ्यांदा आला. फ्रान्सिस्कन साधू जॉन ऑफ मॉन्टेकोर्व्हिनो काही महिने मद्रासजवळच्या मैलापूरच्या परिसरात राहून १२९४ साली आजच्या बीजिंगला पोहोचला. या प्रकरणाचा महाराष्ट्राशीही एक दुवा आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. चीनला निघालेल्या ओडोरिक या त्यांच्याच पंथातील प्रवाशाने त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन त्या दक्षिण चीनमधील चुआनचौ बंदरातील मठात पोहोचविल्या. १३६८ साली मंगोल सत्ता कोसळली, तिच्याबरोबर हे चर्चही संपले.

तिसरे आगमन जेझुइटांचे. फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्यासमोरील एका बेटावर, मुख्य भूमीवर पाऊल न ठेवताच मरण पावला. त्याचे शव आज जुन्या गोव्यात आहे. मातेओ रीची १५७८ साली गोव्याला आला आणि तेथून मकाववाटे चीनमध्ये गेला. त्याने कन्फ्यूशियन विद्वानाचा वेष स्वीकारला, अभिजात चिनी भाषेत ग्रंथ लिहिले आणि १६०१ साली बीजिंगमध्ये प्रवेश मिळविला. त्याच्या शिष्यांपैकी पुढे उच्च पदाला पोहोचलेला शू क्वांगची याने त्याच्यासह यूक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनीत आणले. शांघायचा शूच्याहुई हा गजबजलेला भाग आजही या शू घराण्याचेच नाव वागवितो.

रीचीचे धोरण असे होते की, पूर्वजांना वंदन करणे व कन्फ्यूशियसचा मान राखणे हे नागरी शिष्टाचार आहेत, मूर्तिपूजा नव्हे. ख्रिस्ती झालेल्या चिनी माणसाने ते सोडण्याचे कारण नाही. रोमने अखेर याच्या विरुद्ध निवाडा दिला. १७१५ सालच्या पोपच्या आज्ञापत्राने पूर्वजपूजा निषिद्ध ठरविली. तोवर जेझुइटांचा स्नेही असलेला सम्राट खांगशी संतापला आणि १७२४ साली त्याच्या वारसाने धर्मप्रसारावर सर्वत्र बंदी घातली. ही बंदी पोप बाराव्या पायसने १९३९ मध्ये उठविली, म्हणजे सव्वादोनशे वर्षांनंतर. ख्रिस्ती होणे म्हणजे आपल्या वाडवडिलांना नाकारणे, ही समजूत चिनी मनात दृढ होण्यास चीनच्या सम्राटांइतकेच रोमही जबाबदार होते, असे म्हणावे लागते.

अफूच्या जहाजांबरोबर

पहिला प्रोटेस्टंट मिशनरी रॉबर्ट मॉरिसन १८०७ मध्ये कँटनला उतरला. त्याने केलेले संपूर्ण बायबलचे चिनी भाषांतर १८२३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्याही एक वर्ष आधी जोशुआ मार्शमन यांचे चिनी बायबल बंगालमधील सेरामपूर येथे छापून झाले होते. विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले ते याच सेरामपूरच्या मिशनमधून.

पुढची वाढ मात्र तोफांच्या छायेत झाली. कार्ल गुट्सलाफ हा प्रशियन मिशनरी १८३०च्या दशकात अफूच्या जहाजांवर दुभाष्याचे काम करी आणि त्याच सफरीत किनाऱ्यावर धर्मपुस्तिका वाटी. ती अफू येत होती मुंबई आणि कोलकात्याहून. युद्धांनंतर लादलेल्या तहांनी, विशेषतः १८५८ च्या तिआनजिन तहाने, मिशनऱ्यांना देशाच्या अंतर्भागात फिरण्याचा अधिकार व धर्मांतरितांना संरक्षण मिळवून दिले. गावात जमिनीचा वाद झाला की मिशनरी आपल्या वकिलातीमार्फत न्यायाधीशावर दबाव आणी, अशा तक्रारी सर्वत्र होऊ लागल्या. दरम्यान हुंग शिउच्वान या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवाराच्या हाती धर्मपुस्तिका पडल्या आणि आपण येशूचे धाकटे बंधू आहोत असा साक्षात्कार झाल्याचे त्याने जाहीर केले. त्याच्या थायपिंग बंडात १८५० ते १८६४ या काळात काही कोटी माणसे प्राणास मुकली. मिशनऱ्यांनी त्याला ख्रिस्ती मानण्यास नकार दिला, पण स्वर्गातून आल्याचा दावा करणाऱ्या धर्माबद्दल चिनी राज्यकर्त्यांच्या मनात बसलेला धसका आजतागायत गेलेला नाही.

१९०० सालच्या बॉक्सर उठावात अनेक मिशनरी आणि हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले. परकीय सत्तांनी चीनकडून ४५ कोटी ताएल चांदीची भरपाई वसूल केली. हडसन टेलर यांच्या चायना इनलँड मिशनने आपला वाटा नाकारला, हा सन्माननीय अपवाद. ‘एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी कमी झाला’ ही म्हण याच काळानंतर रूढ झाली.

चिनी हातांत

या म्हणीला खरे उत्तर मिशनऱ्यांकडून मिळाले नाही. ते चिनी प्रचारकांनी दिले. १९१७ साली बीजिंगमध्ये ‘खरे येशू चर्च’ सुरू झाले. त्यात एकही परदेशी अधिकारी नव्हता. शांतुंग प्रांतात ‘येशू कुटुंब’ या नावाने शेतीवर सामुदायिक जीवन जगणाऱ्या वसाहती उभ्या राहिल्या. नी तुओशंग, म्हणजेच वॉचमन नी, यांनी पगारी पाद्रीच नसलेल्या स्थानिक मंडळ्यांचे जाळे विणले. सुंग शांगच्ये हे अमेरिकेतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतले आणि प्रयोगशाळेऐवजी गावोगावच्या प्रार्थनासभा गाजवू लागले. वांग मिंगताव यांनी बीजिंगमध्ये कोणत्याही मिशनचा पैसा न घेता चर्च चालविले. या मंडळींची शिकवण साधी, भावनेला हात घालणारी आणि बायबलच्या शब्दाला चिकटून राहणारी होती. १९१९ साली निघालेले बोलभाषेतील बायबल त्यांच्या हाती होते. तेच भाषांतर आजही बहुतेक चिनी चर्चमध्ये वाचले जाते.

१९४९ नंतर आलेल्या वादळात शाळा, रुग्णालये आणि परदेशी निधी यांवर उभी असलेली मंडळे उन्मळून पडली. बिनपगारी, बिनइमारतीची मंडळी मात्र तग धरून राहिली. पुढील वाढीचे मर्म या फरकात आहे.

नव्या राजवटीने चर्चपुढे ‘तीन स्व’ ठेवले : स्वशासन, स्वनिर्वाह, स्वप्रसार. गंमत अशी की, ही त्रिसूत्री माओंची नव्हे. एकोणिसाव्या शतकात ती मांडली इंग्लंडच्या हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी. अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले होते आणि अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, मराठी मिशनमध्येही एतद्देशीय पाळक नेमावेत असा त्यांचा आग्रह होता. मिशनऱ्यांनी जे ध्येय म्हणून लिहून ठेवले, ते साम्यवाद्यांनी हुकूम म्हणून अमलात आणले. १९५४ मध्ये प्रोटेस्टंटांची ‘तीन-स्व देशभक्त चळवळ’ आणि १९५७ मध्ये कॅथलिकांची देशभक्त संघटना रीतसर स्थापन झाली. ज्यांनी त्यात येण्यास नकार दिला, त्यांना तुरुंग मिळाला. वॉचमन नी १९५२ साली पकडले गेले आणि १९७२ मध्ये श्रमछावणीत मरण पावले. वांग मिंगताव १९५५ मध्ये प्रथम पकडले गेले. त्यांची अखेरची सुटका १९८० मध्ये झाली. शांघायचे बिशप कुंग पिनमेई यांनी तीस वर्षे कैदेत काढली.

१९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यावर देशभक्त चर्चही वाचले नाही. एकूण एक चर्चना टाळे लागले. बायबले जाळली गेली. उरलेली पाने हाताने नकलून काढून लोक ती घरोघर फिरवीत.

हेनान आणि वेनझोऊ

१९७९ पासून चर्चची दारे पुन्हा उघडू लागली, तेव्हा आत येणाऱ्यांची संख्या पाहून अधिकारीही चकित झाले. मार्च १९८२ च्या ‘दस्तऐवज क्रमांक १९’ मध्ये पक्षाने मान्य केले की, प्रोटेस्टंट आता ३० लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे एकही चर्च अधिकृतपणे सुरू नसलेल्या दशकात ते वाढत होते. घरी भरणाऱ्या प्रार्थनासभांना तत्त्वतः परवानगी नाही, परंतु त्या कठोरपणे बंदही करू नयेत, असेही त्यात म्हटले होते. या एका वाक्याच्या फटीतून पुढची तीस वर्षे गेली.

सर्वाधिक वाढ झाली ती मध्य चीनच्या हेनान आणि आन्हुई या दाट वस्तीच्या, गरीब प्रांतांत. कारण शोधायचे तर ते धर्मशास्त्रापेक्षा दवाखान्यात सापडते. कम्यून मोडले, त्याबरोबर त्यांनी चालविलेली सहकारी आरोग्यव्यवस्थाही मोडली. आजारी माणसाला रोख पैशाशिवाय उपचार मिळेना. अशा वेळी शेजारची बाई येऊन उशाशी बसते, हात ठेवून प्रार्थना करते, दुसऱ्या दिवशी चार जणींना घेऊन येते, शेतीच्या कामालाही हात लावते. आपण विश्वासात का आलो, या प्रश्नाला ग्रामीण चिनी ख्रिस्ती ‘घरातल्या आजारपणामुळे’ हे उत्तर वारंवार देतात. या मंडळ्यांमध्ये स्त्रिया बहुसंख्य, वय पुढे गेलेले, अक्षरओळख जेमतेम. प्रवचन करणाऱ्याही पुष्कळदा स्त्रियाच. हेनानच्या फांगचेंग तालुक्यातील ल्यू श्याओमिन ही अर्धवट शिकलेली, संगीताचे कोणतेही शिक्षण नसलेली शेतकरी मुलगी १९९० पासून भजने रचू लागली. तिची हजाराहून अधिक भजने ‘कनान गीते’ म्हणून देशभरच्या घरगुती चर्चमध्ये गायिली जातात. त्यांच्या चाली हेनानच्या लोकसंगीताला जवळच्या आहेत.

या झपाट्याला दुसरी बाजूही होती. प्रशिक्षित पाळकांची वानवा असल्याने विचित्र पंथ फोफावले. ख्रिस्त एका चिनी स्त्रीच्या रूपाने परत आला आहे असे सांगणारा ‘पूर्वेची वीज’ हा पंथ त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध. त्याच्याविषयी घरगुती चर्चनाही सरकारइतकीच भीती वाटते.

बायबलचा तुटवडा इतका होता की, जून १९८१ मध्ये एका परदेशी संघटनेने रातोरात दहा लाख प्रती समुद्रमार्गे शांतोऊजवळच्या किनाऱ्यावर उतरविल्या. सरकारने यातून बोध घेतला असावा. १९८७ साली नानजिंगमध्ये संयुक्त बायबल संस्थांच्या सहकार्याने अ‍ॅमिटी मुद्रणालय सुरू झाले. २०१९ पर्यंत तेथे २० कोटी प्रती छापून झाल्या, त्यांत निर्यातीच्याही आल्या. आज जगातील बायबल-छपाईचे हे एक सर्वांत मोठे केंद्र आहे. देशात मात्र बायबल साध्या पुस्तकांच्या दुकानात मिळत नाही. ते चर्चमधूनच घ्यावे लागते.

हेनानहून अगदी निराळे चित्र च-च्यांग प्रांताच्या किनाऱ्यावरील वेनझोऊ शहराचे. १९५८ साली याच शहराला ‘धर्ममुक्त क्षेत्र’ करण्याचा प्रयोग झाला होता. त्याच्या तीन बाजूंना डोंगर आहेत आणि १९९८ पर्यंत तेथे रेल्वेही नव्हती. केंद्राचे लक्ष कमी, म्हणून सरकारी कारखानेही कमी. लोकांनी घराघरांत बुटांचे, बटणांचे, लायटरचे कारखाने काढले. हेच कारखानदार चर्चचे आधारस्तंभ झाले. त्यांना ‘मालक ख्रिस्ती’ असे नावच पडले. त्यांनी चर्चच्या इमारती बांधल्या, एकमेकांना भांडवल दिले, आणि व्यापारासाठी पॅरिस किंवा इटलीतील प्रातो येथे गेले तेव्हा चर्चही बरोबर नेले. वेनझोऊला ‘चीनचे जेरुसलेम’ म्हणतात. तेथील किमान दहावा हिस्सा लोक ख्रिस्ती असावेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

शहरातील मंडळी आणि चिनीकरण

१९८९ च्या तिआनआनमेन घटनेनंतर आलेला नवा ओघ शिक्षितांचा होता. प्राध्यापक, वकील, परदेशातून शिकून आलेले अभियंते कार्यालयांचे मजले भाड्याने घेऊन उपासना करू लागले. त्यांना लपायचे नव्हते. नोंदणी हवी होती, फक्त ती देशभक्त संघटनेमार्फत नको होती. बीजिंगचे शोउवांग चर्च, सियोन चर्च आणि चेंगडूचे ‘आरंभीचा पाऊस’ चर्च ही याची उदाहरणे. राज्यघटनेच्या कलम ३६ मधील धर्मस्वातंत्र्यावर ते बोट ठेवीत. त्याच कलमात संरक्षण केवळ ‘सामान्य’ धार्मिक कार्यांना दिलेले आहे, आणि सामान्य म्हणजे काय हे शासन ठरविते.

२०१४ पासून वारे फिरले. त्या वर्षी एप्रिलमध्ये वेनझोऊ येथील सानच्यांगचे प्रचंड चर्च पाडण्यात आले, परवानगीपेक्षा मोठे बांधले या कारणाने. ते नोंदणीकृत होते. पुढील दोन वर्षांत त्या प्रांतातील हजाराहून अधिक चर्चच्या शिखरांवरील क्रूस उतरविले गेले. याला जाहीर विरोध करणारे हांगझोऊच्या छोंगयी या मोठ्या अधिकृत चर्चचे पाळक कू युएस यांना जानेवारी २०१६ मध्ये पदावरून दूर करून ताब्यात घेण्यात आले. अधिकृत चर्च सुरक्षित आणि घरगुती चर्च असुरक्षित, ही परदेशी वृत्तपत्रांची आवडती विभागणी येथे टिकत नाही.

धर्मांचे ‘चिनीकरण’ हा शब्द अध्यक्ष शी जिनपिंग यांनी २०१५ पासून धोरणाच्या केंद्रस्थानी आणला. फेब्रुवारी २०१८ पासून नवे धर्मविषयक नियम लागू झाले, धर्मखाते थेट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाखाली गेले आणि बायबलची इंटरनेटवरील विक्री थांबली. चर्चच्या आवारात राष्ट्रध्वज आला, अनेक ठिकाणी अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश बंद झाला. वास्तविक चिनी सूर, चिनी पाळक व चिनी पैसा हे सारे हेनानच्या शेतकरी स्त्रियांनी कोणाच्याही आदेशाविना केव्हाच केले होते. सरकारला अपेक्षित असलेले चिनीकरण पक्षाशी निष्ठा राखण्याचे आहे. ‘आरंभीचा पाऊस’ चर्चचे पाळक वांग यी यांना डिसेंबर २०१८ मध्ये अटक झाली व पुढील वर्षी नऊ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. सियोन चर्चने आत कॅमेरे बसविण्यास नकार दिल्यावर २०१८ मध्येच त्याच्यावर बंदी आली; त्याने इंटरनेटवरून अनेक शहरांत आपले काम वाढविले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे पाळक जिन मिंगरी यांच्यासह अनेकांना ताब्यात घेण्यात आले.

कॅथलिकांचा वेगळा मार्ग

कॅथलिक सरकारी हिशेबानुसार २७ लाखांवरून ६० लाखांवर गेले. याच काळात चीनची लोकसंख्या अडीच पटींहून अधिक झाली, म्हणजे लोकसंख्येतील त्यांचा वाटा वाढलेला नाही, उलट किंचित घटला आहे. येथे विश्वास कुटुंबातून व गावातून येतो. हपेई प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक असलेली गावे आहेत. संस्कारांसाठी दीक्षित धर्मगुरू लागतो आणि तो विवाह करू शकत नाही. प्रोटेस्टंट गावात बायबल वाचू शकणारी कोणीही बाई मंडळी चालविते. एवढा एक फरक पुष्कळ काही स्पष्ट करतो.

बिशप कोणी नेमायचे, हा वाद सात दशके चालला. सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॅटिकन आणि बीजिंग यांच्यात तात्पुरता करार झाला. त्याचा मजकूर प्रसिद्ध झालेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची मुदतवाढ मिळाली. हाँगकाँगचे निवृत्त कार्डिनल जोसेफ झेन यांनी या कराराला सातत्याने विरोध केला आहे; रोमशी एकनिष्ठ राहून ज्यांनी तुरुंगवास भोगला, त्यांना आता देशभक्त संघटनेच्या हवाली केले जात आहे, असे त्यांचे म्हणणे. करारानंतरही एप्रिल २०२३ मध्ये चीनने शांघायला परस्पर बिशप पाठविला. पोप फ्रान्सिस यांनी जुलैमध्ये त्या नेमणुकीला मान्यता दिली.

देशाबाहेरचे चिनी, आणि आजचा हिशेब

चीनच्या सीमेबाहेर ही अडचण नाही, त्यामुळे तेथील आकडे उद्बोधक ठरतात. सिंगापूरच्या २०२० च्या जनगणनेत चिनी वंशाच्या रहिवाशांपैकी २१.६ टक्के लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचे नोंदविले. आपल्याकडे कोलकात्याच्या चिनी वस्तीतही ताओ देवळांबरोबर चिनी चर्च आहेत.

मुख्य भूमीवरील वाढ मात्र थांबली असण्याची चिन्हे आहेत. २०१४ साली अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ यांग फंगकांग यांनी वर्तविले होते की, २०३० पर्यंत चीनमधील ख्रिस्ती सुमारे २५ कोटींवर जातील. प्यू केंद्राने २०२३ मध्ये चीनमधीलच विद्यापीठीय सर्वेक्षणे तपासली, तेव्हा स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०१० आणि २०१८ या दोन्ही वर्षी २ टक्क्यांच्या आसपासच आढळले. खेड्यांतील तरुण शहरांत गेले, गावच्या मंडळीत वृद्धा उरल्या आणि मुलांना शिकविण्याची वाट बंद झाली, ही त्याची उघड कारणे आहेत. वाढ थांबली की ती सांगणे थांबले, हे मात्र सर्वेक्षणातून कळत नाही. प्रश्न विचारणारा अनोळखी असतो, उत्तराची नोंद होते, आणि १० कोटींहून अधिक सदस्य असलेल्या पक्षाच्या नियमानुसार सदस्याला कोणताही धर्म पाळण्यास मनाई आहे.